कायले आनली वो

तक्त्यात सहा रकाने होते. वर मॅडमनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं होतं, 'आपल्या जिल्ह्यातील आभाराचे शब्द'. त्याखाली मराठी, हिंदी, झाडीबोली, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी. पहिले दोन रकाने मी वर्गातच भरले. उरलेल्या चारांना तीन आठवडे लागले. त्यातला झाडीबोलीचा रकाना मी कोरा ठेवला असता, तर मोठी माय आज माझ्याशी पहिल्यासारखी बोलली असती.

मोठी माय म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. आमचं गाव आमगावहून सायकलनं अर्ध्या तासावर आहे. तिच्या आणि आमच्या अंगणात फक्त एक कुंपण आहे, तेही एका जागी मोडलेलं, कारण दिवसातून दहा वेळा तिथूनच जाणं-येणं असतं. मोठे बाबा वारले, मुलगा नागपूरला नोकरीला लागला आणि तिथंच त्यानं लग्न केलं. मोठी माय घर, धानाच्या दोन बांध्या आणि एक म्हैस सांभाळत गावातच राहिली. आई-बाबा धानाच्या रोवण्याला गेले की मी तिच्याच घरी जेवायची, तिच्याच घरी झोपायची. मला तिनं कधी जवळ घेऊन लाड केल्याचं आठवत नाही. रागवायची मात्र रोज.

हे लिहिताना मी दोनदा खोडलं आहे. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच, आणि कॉलेजात लिहायला शिकले ते परीक्षेच्या उत्तरांपुरतं. मला कोणाची बदनामी करायची नाही, म्हणून नावं लिहीत नाही. जे झालं ते झालं तसं सांगते.

आधी कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या मॅडमविषयी सांगायला हवं. पहिल्या वर्षी एका सरांनी निबंध लिहायला दिला होता. मी लिहिलं होतं, 'गाडी येऊन राहिली होती आणि मी धावून राहिली होती.' सरांनी ते वाक्य वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. एकदा वाचलं, मग वर्गाला हसू आलेलं पाहून परत वाचलं. मी पुढचे चार दिवस कॉलेजात गेले नाही. घरी सांगितलं, सुट्टी आहे. पाचव्या दिवशी गेले तेव्हा मॅडमनी मला बोलावून घेतलं. त्यांनी तो निबंध सरांकडून मागून आणला होता. माझ्या वाक्याखाली लाल रेघ तशीच होती, पण शेजारी निळ्या शाईत त्यांनी लिहिलं होतं, 'ही चूक नाही. ही तुझी बोली आहे.'

त्या दिवसापासून मॅडम सांगतील ते मी केलं. ग्रंथालयाची यादी करायची असो की पाहुण्यांसाठी फुलं आणायची असोत. त्यांनीही माझ्यासाठी खूप केलं. शिष्यवृत्तीचा फॉर्म माझ्या शेजारी बसून भरला, स्वतःचा शब्दकोश मला वर्षभर वापरायला दिला. म्हणून कॉलेजात होणाऱ्या भाषेच्या कार्यक्रमाचा तक्ता त्यांनी माझ्याकडे दिला, तेव्हा तो सगळ्यात चांगला व्हावा असंच माझ्या मनात होतं.

कॉलेज गोंदियाला. गोंडीसाठी मी रोजच्या रेल्वेगाडीत माझ्या मैत्रिणीला विचारलं. ती दरेकशाची. माझ्या आधी गाडीत बसते आणि मी आमगावला चढेपर्यंत शेजारच्या जागेवर दप्तर ठेवून लोकांशी भांडत येते.

"तुमच्यात थँक्यूला काय म्हणतात?"

ती खिडकीतून बाहेर पाहत म्हणाली, "थँक्यू."

"गोंडीत विचारून राहिली मी."

"मी पन गोंडीतच सांगून राहिली. आमचा भाऊ दिवसभर थँक्यू भाई, थँक्यू भाई करत राहते."

"सेवा जोहार लिहू?"

"ते भेटल्यावर म्हणतात. कचारगडच्या जत्रेत सगळे एकमेकांना म्हणतात ते काय आभार मानून राहिले का? पण रकाना भरायचा असन तं लिही. तुझ्या मॅडमला काय कळते?"

"मॅडमला कळते," मी म्हणाले. जरा रागानंच म्हणाले.

"बरं बाई. कळते."

दुसऱ्या दिवशी ती आईला विचारून आली. आई म्हणाली होती, कोणी दिलं तर खायचं, त्यात बोलायचं काय? मी वहीत तेच लिहिलं. मुरमुरे विकायला छत्तीसगडकडून एक बाई त्या गाडीला येते. तिची टोपली मी खाली उतरवून दिली आणि ती काय म्हणते याची वाट पाहिली. ती म्हणाली, "बने करे नोनी." चांगलं केलंस पोरी. मला इतका आनंद झाला की मी लागत नसताना मुरमुरे घेतले. पोवारीसाठी आमच्या समोरच्या घरी गेले, तर तिथले आजोबा म्हणाले, "धन्यवादच लिहून दे ना. आमी का अलग आहोत का?" मी पुष्कळ खोदून विचारलं, पण ते त्याच उत्तरावर राहिले.

राहिली माझीच बोली, झाडीबोली. ती मला सोपी वाटली होती आणि तिथंच मी अडले. आईला विचारलं. आई म्हणाली, "धन्यवाद तं भाषनात म्हनतेत." बाबांना विचारलं. त्यांनी बराच विचार केला आणि मग म्हैस सोडायला निघून गेले.

एक दिवस आईनं लाखोरीची भाजी केली. धान निघाल्यावर बांधीत लाखोरी येते, तिचा कोवळा पाला खुडून केलेली भाजी आमच्याकडे हिवाळाभर चालते. आईनं वाटीभर मोठ्या मायला द्यायला सांगितली. मोठी माय अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. वाटी पाहून तिनं तोंड वाकडं केलं.

"कायले आनली वो येवढी? तुमच्या घरी खानारे मेले का?"

"आईनं धाडली."

"थिले कामधंदे नाई. सांग जाऊन, मोठी माय म्हने, कायले धाडून राहिली रोजच्या रोज." असं म्हणता म्हणता तिनं बोटानं भाजी चाखली, परत चाखली, आणि वाटी पदराखाली झाकून आत नेली.

मी तिथंच उभी राहिले. हे मी जन्मापासून ऐकत आले होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आमच्याकडे कोणी काही दिलं की घेणारा भांडतो. कायले, म्हणजे कशाला. कायले आनली, कायले केली, कायले तरास घेतला. देणारा ते ऐकायला थांबतो. मागच्या वर्षी एका पाहुणीनं आईच्या हातचे लाडू मुकाट्यानं पिशवीत टाकले, तर आई दोन दिवस सगळ्यांना सांगत होती, "कायलेबी नाई म्हनली!" म्हणजे एवढा साधा शब्दसुद्धा तिच्या तोंडून निघाला नाही. आणि शेवटचा तो 'वो' तर फार महत्त्वाचा. आमच्याकडे पुरुषाला हाक मारताना 'गा' लावतात, बाईला 'वो'. 'कायले आनली' एवढंच म्हटलं तर ते खरंच भांडण होईल. 'कायले आनली वो' म्हटलं की देणारीचं मन भरतं.

मी धावत आत गेले. "मोठी माय, परत एकदा म्हण ना. मोबाईलात घेते."

"का म्हनू?"

"आताच म्हणाली ते."

"मी का म्हनली? मी तं काहीच नाई म्हनली."

मग तिला समजावून सांगावं लागलं. कॉलेजात तक्ता आहे, आपल्या बोलीत आभार कसे मानतात ते लिहायचं आहे. ती आधी खूप हसली. मग हात पुसून पाटावर बसली आणि बोलायला लागली. मी मोबाईल तिच्या मांडीजवळ ठेवला. ती चांगली पाच मिनिटं बोलली. कोण काय घेऊन आलं की काय म्हणायचं, जावयाला कसं म्हणायचं, शेजारणीला कसं. बोलण्याच्या भरात ती नागपूरवर आली.

"पोराच्या घरी चा देली तं सुनेले थँक्यू म्हना लागते. नातीनं पानी आनली, थँक्यू. आपल्याच घरात थँक्यू! मी म्हनलं, मंग थे घर आपलं कसं वो? थे तं हॉटेल झालं."

दोघी हसलो. मग ती एकदम मोबाईलकडे पाहायला लागली.

"थो चालू हाये का अखीन?"

मी बंद केला.

"पाय बाई, हा आवाज बाहेर नोको जाऊ देजो. तू लिहून घे आन पुसून टाक." मग तिनं मला ते सांगितलं जे मला आधी माहीत नव्हतं. नागपूरला एकदा सुनेच्या मैत्रिणी आल्या होत्या. मोठी माय त्यांना म्हणाली, बसा, चा बनवून राहिली. त्या एकमेकींकडे पाहून हसल्या. रात्री जेवताना नात तिची नक्कल करत होती, बनवून राहिली, जेवून राहिली, आणि सगळे हसत होते. "तईपासून मी तिथं तोंड उघडत नाई. हो, नाई, बस. सून वाईट नाई. पन मले तिच्या घरी जा लागते. आता संक्रांतीनंतर दोन महिने जाऊन राहिली, डोऱ्याचं ऑपरेशन हाये. थिच्या कानावर हे गेलं तं मी कोन्या तोंडानं जाऊ?"

मी म्हणाले, "कोणाला ऐकवणार नाही. शपथ." गळ्याला हात लावून म्हणाले.

मी ते कागदावर लिहून घेतलं, पण पुसलं नाही. काही शब्द नीट कसे लिहावेत ते मॅडमना विचारायचं होतं. मॅडमनी वही वाचली आणि त्यांचे डोळे चमकले. "हे तर फारच सुंदर आहे! रेकॉर्डिंग आहे का?" मी त्यांना सगळं सांगितलं. नागपूरचं, सुनेचं, शपथेचं. त्या म्हणाल्या, "अगं, कोणाला ऐकवते मी? लिहिलेलं ताडून पाहायला हवं, म्हणून मागते आहे. माझ्यावर विश्वास आहे ना?" मी तिथंच उभ्या उभ्या ते त्यांच्या व्हॉट्सॲपवर पाठवलं. विश्वास आहे का असं मॅडमनी मला विचारावं, याचंच मला वाईट वाटलं होतं.

त्यांनी मला आभारप्रदर्शनही दिलं. मंचावर बोलायची माझी पहिलीच वेळ. कागद मी लिहिला, त्यांनी तपासला. तीन वेळा माझ्याकडून वाचून घेतला. कुठं थांबायचं, कुठं पाहुण्यांकडे पाहायचं ते खुणेनं दाखवलं.

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. बाहेरगावहून एक मोठे पाहुणे आले होते. माझा तक्ता भिंतीवर लावला होता आणि मॅडम पडद्यावर एकेक भाषा दाखवत बोलत होत्या. मी मंचाच्या पायरीजवळ कागद धरून बसले होते. मैत्रीण माझ्या शेजारी होती. झाडीबोलीची पाटी पडद्यावर आली. 'कायले आनली वो'. त्याखाली हिंदीत, 'क्यों लाई वो?' आणि त्याखाली मराठीत, 'कशाला आणलंस ते?'

पडद्यावरचं टंकलेखन गोंदियातल्या एका मुलानं केलं होतं. त्याच्या घरी हिंदीच बोलतात. त्यानं आमचा 'वो' हिंदीतला समजला. वो, म्हणजे ते. आणि मग मराठी त्या हिंदीवरून झालं. कशाला आणलंस ते? जणू दारात कोणी मेलेला उंदीर आणून ठेवला आहे. सभागृहात हसू फुटलं. मला वाटलं मॅडम आता सांगतील, हे चुकलं आहे. त्यांनी माझी वही वाचली होती, 'वो' वर मी अख्खं अर्धं पान लिहिलं होतं. मॅडम हसून म्हणाल्या, "आमच्या भागात आभार मानायचे म्हणजे आधी भांडायचं! ऐकायचंय? अस्सल ऐका."

आणि मोठ्या मायचा आवाज आला.

घरात तो आवाज कधी मोठा वाटला नव्हता. तिथं तो चारही कोपऱ्यांतून येत होता. जावई, शेजारीण, कायले, कायले. लोक प्रत्येक वाक्याला हसत होते. मैत्रिणीनं माझा हात धरला. "ही तुमची मोठी माय ना?" मी मान हलवली. मला वाटलं, नागपूरचं तरी नसेल. तेवढं तरी त्यांनी कापलं असेल. मग आलं. आपल्याच घरात थँक्यू. आणि हॉटेल झालं म्हटल्यावर पाहुण्यांनी टाळी वाजवली. मागं उभी असलेली मुलं मोबाईल वर करून ते टिपत होती.

"उठ," मैत्रीण कानात म्हणाली, "जाऊन बंद कर." मी उठले नाही. मी उठले ते माझं नाव पुकारल्यावर.

यापुढचं सांगायला मला लाज वाटते. मी मंचावर गेले आणि आभार मानले. प्राचार्यांचे, पाहुण्यांचे, माईकवाल्याचे, सतरंज्या घालणाऱ्यांचे. जिथं थांबायचं होतं तिथं थांबले. शेवटचं वाक्य होतं, 'आणि ज्यांच्यामुळे माझ्या बोलीला व्यासपीठ मिळालं, त्या आदरणीय मॅडमची मी आजन्म ऋणी राहीन.' ते मीच लिहिलं होतं, मनापासून लिहिलं होतं. ते वाक्य गाळता आलं असतं. कागद माझ्या हातात होता, कोणी अडवणार नव्हतं. मी तेही वाचलं, एकही शब्द न अडखळता. खाली उतरले तेव्हा पाहुणे म्हणाले, "खेड्यातून येऊन उच्चार किती शुद्ध!" मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

परत येताना गाडीत मैत्रीण माझ्या शेजारी बसली नाही. सालेकसाकडे जाणाऱ्या बायकांना जागा करून देत उभी राहिली. मी आमगावला उतरताना ती फक्त म्हणाली, "एक वेळ तुझ्या मॅडमनं फसवलं समजू. पन तू ते शेवटचं काऊन वाचलं?"

दोन दिवसांनी मी मॅडमच्या खोलीत गेले.

"मॅडम, ते ऐकवायचं नव्हतं."

"काय गं? अच्छा, ते. अगं, लोकांना किती आवडलं! पाहुणे तर म्हणाले, हाच भाग सगळ्यात जिवंत होता."

"मी शपथ घेतली होती."

"नाव कुठे घेतलं मी तिचं?"

"आवाज होता ना."

"आवाजावरून कोण ओळखतं?"

"सगळे ओळखतात."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे बघ, बोलीचा अभिमान बाळगायचा की लपवायची? मी तर तुझ्याच बोलीसाठी करते आहे हे सगळं. आणि तुझ्यासाठी आजवर मी काय काय केलं ते तुला माहीत आहे. त्याचं हे फळ?"

"आणि वो चुकला आहे," मी म्हणाले.

"काय?"

"पडद्यावर. वो म्हणजे ते नाही."

"ठीक आहे, छापताना दुरुस्त करू. झालं समाधान?"

मी म्हणाले, "थँक्यू मॅडम," आणि बाहेर आले. जिन्यावर आल्यावर कळलं की मी थँक्यू म्हणाले.

मॅडम वाईट आहेत असं मला आजही म्हणता येत नाही. त्यांनी ठरवून केलं नसेल. त्यांना ते आवडलं आणि लोकांना ऐकवावंसं वाटलं, माझा शब्द त्यापुढं त्यांना लहान वाटला असेल. पण ज्यांनी मला सांगितलं होतं की ही चूक नाही, त्यांनीच अख्ख्या सभागृहाला हसायला लावलं. सरांनी माझं वाक्य वाचलं तेव्हा ते परके होते, चार दिवसांत मी सावरले. यातून मला सावरता येत नाही.

ते टिपलेलं कोणीतरी पुढे पाठवलं. गोंदियात सुनेची मावसबहीण राहते, तिच्या मोबाईलवर ते आलं, आणि तिथून नागपूरला पोचायला दोन दिवसही लागले नाहीत. मला हे आईकडून कळलं. मोठ्या मायला मुलाचा फोन आला होता. आई, सध्या नको येऊस, घरात पाहुणे आहेत, ऑपरेशनचं पुढे पाहू. त्याच्यामागून सूनही बोलली होती. "आमचं घर हॉटेल वाटत असेल तर त्यांनी कशाला त्रास घ्यावा?"

मी मोडलेल्या कुंपणातून गेले. मोठी माय म्हशीला वैरण टाकत होती. नागपूरला जायला भरलेली पिशवी तिनं अजून खुंटीवरून काढली नव्हती.

"मोठी माय, माझ्यानं झालं. मी पाठवलं मॅडमला."

"मले माहीत हाये."

"त्यांनी शब्द दिला होता."

"तूबी देली होती."

ती रागवली असती तर मी तिथं बसून रडले असते आणि सगळं संपलं असतं. ती रागवली नाही. वैरण टाकून झाली, तिनं हात धुतले, पाटाकडे बोट दाखवून म्हणाली, "बसा." मला. मला तिनं आयुष्यात कधी बसा म्हटलं नव्हतं.

तेव्हापासून ती माझ्याशी असंच बोलते. तहसील कचेरीतल्या बाबूशी बोलावं तसं. आहे, नाही, ठीक आहे. तिला ही भाषा येते हेच मला माहीत नव्हतं. कदाचित नागपूरला ती हीच बोलत असेल. मी गेले की आधी माझ्या हाताकडे पाहते. मी मोबाईल घरी ठेवून जायला लागले, हात रिकामे दाखवले, तरी ती मोजून बोलते. आईशी, शेजारणीशी मात्र तिचं भांडण चालू असतं, ते कुंपणापलीकडून मला ऐकू येतं. मी दिसले की थांबतं.

मी नागपूरला सुनेला फोन केला होता. बाबांच्या मोबाईलवरून, नंबर हळूच काढून. मी सांगितलं, चूक माझी आहे, मोठ्या मायला माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "पण बोलल्या तर त्याच ना?" मी त्यांना 'कायले'चा अर्थ सांगायला लागले, आणि सांगता सांगता मला जाणवलं की मी परत तेच करते आहे, मोठ्या मायचं बोलणं परक्यांना उलगडून दाखवते आहे. मी मध्येच थांबले. त्यांनी फोन ठेवला. डोळ्याचं ऑपरेशन आता बाबा गोंदियाला करून आणणार आहेत.

तक्त्यातला झाडीबोलीचा रकाना मी पांढरा कागद चिकटवून झाकला. मॅडमना सांगून झाकला. त्या म्हणाल्या, "जशी तुझी इच्छा," आणि वर पाहिलं नाही. आम्ही आता बोलतो ते कामापुरतं.

काल आईनं कोचईची, म्हणजे अळूच्या कांद्यांची, भाजी केली होती. माझ्याकडे न पाहताच तिनं वाटी भरली आणि म्हणाली, "मोठ्या मायले देऊन ये." मी म्हणाले, तूच जा. ती म्हणाली, "मी कायले जाऊ? भांडन तुयं हाये."

मी गेले. मोठी माय दारात बसली होती. तिचा डावा डोळा आता बराच पांढरा दिसतो. मी वाटी पुढे केली. तिनं दोन्ही हातांनी घेतली, झाकण उचलून पाहिलं नाही, चाखली नाही. मी उभी राहिले. मला जे ऐकायचं होतं ते तिला माहीत होतं, आणि मी का थांबले आहे हेही माहीत होतं. ती म्हणाली, "धन्यवाद."

घरी आले. आई चुलीपुढं होती.

"का म्हनली?"

"धन्यवाद म्हणाली."

आईनं लाकूड आत सरकवलं. "म्हंजे राग हाये अखीन," ती म्हणाली. "उद्या पुना जाजो."